निळ्या दाण्यांची पुरचुंडी

१

रविवारी दुपारी सोलापूरच्या वेशीवरचं सगळं बाळे गाव जेवून पंख्याखाली आडवं झालेलं असायचं. हरिदास तेवढा उभा. हात साबणानं धुवायचा, टॉवेलनं पुसायचा, दुसऱ्या कोरड्या टॉवेलनं पुन्हा पुसायचा, आणि मेंदी लावलेल्या नवरीसारखे दोन्ही हात पुढं धरून थोडा वेळ नुसताच थांबायचा. मग काडतुसांचा डबा उघडायचा. घामेजलेल्या बोटाचा ठसा पितळेवर राहिला की तिथनंच हिरवं चढायला लागतं, हे त्याला पलटणीत शिकवलं होतं. पलटणीत आणखीही पुष्कळ काही शिकवलं असणार, पण घरात दिसलं ते एवढंच, असं त्याची बायको नागूबाई सांगायची.

पलटणीतून हवालदार होऊन सुटल्यावर हरिदास एका बँकेच्या दारावर राहिला. रायफल स्वतःची, लायसन्स स्वतःचं, खुर्ची बँकेची आणि झोप दोघांच्या भागीदारीतली. सबंध नोकरीत त्यानं एक गोळी झाडली नाही. एकदा बँकेत वळू शिरला, तेव्हा हा गडी रायफल खांद्याला अडकवून शेजारच्या चहावाल्याकडं काठी मागायला पळाला होता. पण काडतुसांची निगा म्हणाल तर अशी, की शेजारच्या बायांनी आपल्या लेकरांची तेवढी ठेवली असती तर दवाखाने ओस पडले असते.

काडतुसाचं तसं लोणच्यासारखंच असतं. ऊन नको, ओल नको, वरचेवर उघडझाक नको. गार, अंधारी, कोरडी जागा द्या. बापानं ठेवलेलं पोराच्या वेळेला चालतं. हरिदास आधी ती चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायचा. चामड्यानं पितळ हिरवं पडलं. मग त्यानं ती माळ्यावर नेली. वर पत्रा, आणि महिना मे. तिथं पापड तेलाशिवाय फुगले असते.

नागूबाईनं ते बघितलं आणि पदर खोचला. "आणा हिकडं," ती म्हणाली. "लोणचं नासवणारं माणूस तुमी. तुमच्या भरवशावर सरकारनं बॉर्डर कशी सोडली हुती, मला कळंना."

नागूबाई टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होती. परदेशी जाणाऱ्या मालाला बोटीत ओल लागू नये म्हणून तिथं खोक्यांत निळे दाणे टाकायचे, काचेच्या मण्यांसारखे. ओल प्यायली की ते गुलाबी होतात. मंद आचेवर भाजले की प्यालेली ओल सोडून पुन्हा निळे. तिनं तसले मूठभर दाणे आणले, मलमलच्या तुकड्यात पुरचुंडी शिवली आणि काडतुसांच्या डब्यात ठेवली. डबा जुन्या बाजारातला, हिरवा, लोखंडी, झाकणाला रबराची पट्टी असलेला. आतल्या खोलीत उत्तरेच्या दगडी भिंतीला खाली एक कोनाडा होता, घरातला सगळ्यात गार. त्यात फळी टाकून तिनं डबा वर ठेवला. दाण्यांसाठी निराळा तवा केला, त्यावर भाकरी टाकायची नाही असं घरादाराला बजावलं, आणि पुरचुंडी गुलाबी झाली की दुपारच्याला ते दाणे भाजत बसायची. तडतड तडतड. हरिदास बाहेरच्या खोलीत त्या आवाजावर झोपायचा. कुणाला अंगाई लागते, कुणाला रेडिओ. ह्याला हे.

यंदाच्या चैत्रात नागूबाई गेली. थोडे दिवस दवाखाना झाला, आणि मग नाहीच.

हरिदासला वाटलं होतं, एवढा जन्म काढला, तोंड तरी पाठ असेल. तर ते आठवेना. जोडवी आठवायची, मानेवरचा तीळ आठवायचा, हसणं ऐकू यायचं, आणि मधल्या तोंडाच्या जागी पाण्यावर साय धरावी तसं काहीतरी. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो होता खरा, पण स्टुडिओवाल्यानं तिला एवढी गोरी केली होती, की मयताला आलेल्या एका नातेवाइकानं "ह्या बाई कोण?" म्हणून विचारलं होतं.

एकदा नीट बघायला मिळावं. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

२

सोलापूरचा पाऊस पाहुण्यासारखा. बोलावलं तेव्हा येणार नाही, आणि गणपती उठल्यावर येऊन चार दिवस हलणार नाही. ह्या वर्षी तसाच आला. घरातलं मीठ पाझरलं, काड्यापेटी पेटेना, भिंतींना पोपडे धरले.

हवा कोरडी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही हा नियम. उघडीप पडल्यावर भर दुपारी हरिदासनं हात धुतले, पुसले, नवरीसारखा उभा राहिला, आणि कोनाड्यापाशी बसला. नागूबाई गेल्यापासून दाणे कुणी भाजले नव्हते. त्याच्यानं तो तवा खिळ्यावरून काढवत नव्हता. म्हणजे एव्हाना दाणे गुलाबी व्हायला हवेत, आज काळीज घट्ट करून भाजायला हवेत, असं मनाशी धरूनच त्यानं झाकण उघडलं.

दाणे निळे होते. मोराच्या मानेसारखे निळे.

त्याला आधी बरंच वाटलं. झाकण घट्ट बसलं असेल, रबर चांगलं असेल. त्यानं पुरचुंडी उचलली आणि तशीच तळहातावर धरून राहिला.

पुरचुंडी कोमट होती. ताटातली भाकरी आपण दुसऱ्या कामात असताना निवत जाते ना, तेवढी.

त्यानं काडतुसांना बोट लावलं. ती गार. डबा गार. कोनाड्याचा दगड गार. त्यानं पुरचुंडी गालाला लावून बघितली. शहाणा माणूस असं करणार नाही, पण बघायला कोण होतं.

३

गल्लीच्या तोंडाला शिवशरणचं किराणा दुकान. मूळचा दुधनीचा, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि उधारीवाल्याशी दोन्ही. हरिदासला तो सुभेदार म्हणायचा. सरकारनं जी बढती दिली नाही ती ह्यानं चहाच्या कपावर देऊन टाकली होती.

"शेठ," हरिदास म्हणाला, "एखादी वस्तू ओली असली, आनि बंद डब्यात ठिवली, तर आपोआप वाळंल का?"

"काय वस्तू?"

"कायबी. समजा फडकं."

"एनप्पा, काय इचारतो ह्यो मानूस," शिवशरण पोत्याला सुतळी मारत म्हणाला. "सुभेदार, हे सोलापूर हाय. हितं वाळलं तर बातमी न्हवं. ओलं ऱ्हायलं तर सांगा, फोटो काढून पेपरात देऊ."

"पर पाऊस झालाय की लई."

"मग? वर पत्रा हाय न्हवं तुमचा? आत तंदूर हाय तंदूर. तुमी त्यात अजून भाजला न्हाई हेच नवल."

हरिदास हसला आणि साखर घेऊन घरी आला. साखर घरात होती.

भुताखेताचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण ते विचारायचं तोंड त्याला नव्हतं. गल्लीत कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली तर तीच मिरची काढून वरणात टाका म्हणून सांगणारा माणूस हा. विहारात दर पौर्णिमेला पुढं बसून 'तपासल्याशिवाय मानू नका' म्हणणारा. तेव्हा आता तपासणं आलं.

४

दुसऱ्या दुपारी त्यानं पुरचुंडी वाटीभर पाण्यात बुडवली. दाणे चुरचुरले आणि त्याच्या डोळ्यांदेखत गुलाबी झाले. तशीच निथळून त्यानं ती काडतुसांच्या शेजारी ठेवली आणि झाकण दाबलं. पलटणीत असलं काही केलं असतं तर उस्तादानं त्यालाच वाळत घातलं असतं.

मग बाहेरच्या खोलीत चटईवर पडला. गल्ली गप्प होती. कुणाच्या तरी घरात कुकरनं शिट्टी टाकली आणि तोही झोपला. पंख्याचं पातं डुगडुगत होतं.

आणि स्वयंपाकघरात सुरू झालं. तडतड. थांबून, तडतड तडतड. उलथन्याच्या पाठीनं दाणे तव्यावर फिरवल्यासारखा घासता आवाज, आणि पुन्हा तडतड.

हरिदासच्या अंगावर काटा आला आणि त्याच्या डोळ्यांवर झापड आली, दोन्ही एकदमच. एवढ्या वर्षांची सवय. आवाज झाला की अंग सैल. तो नखं तळव्यात रुतवून जागा राहिला. पत्रा तापून वाजत असेल. वरून चिमण्या चालत असतील. शेजारीण शेंगदाणे भाजत असेल, भिंत सामाईकच आहे. एकेक कारण तो पुढं करत होता, आणि आतला आवाज एकेकाला शांतपणानं बाजूला सारत होता.

शेवटी तो उठला. गुडघा कट्‌कन वाजला. आवाज थांबला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. शेगडी बंद. तवा खिळ्यावर. हरिदासनं तव्याला हात लावला आणि मागं घेतला.

आत जाऊन डबा उघडला. दाणे निळे. पुरचुंडी अशी गरम, की ह्या हातातून त्या हातात करावी लागली. काडतुसं कोरडी ठणठणीत.

तो तिथंच भिंतीला टेकून बसला. घाबरायला हवं होतं, आणि थोडा घाबरलाही होता. पण पहिल्यांदा तोंडातून आलं ते असं,

"मला उठवायचं की गं."

५

त्यानंतर हरिदासनं जे केलं ते कुठल्याही लायसन्सवाल्यानं करू नये. तो रोज ओल करायला लागला.

पुरचुंडी भिजवायची, ठेवायची, बाहेर येऊन पडायचं. पुरचुंडीचं काम लवकर आटपतं असं दिसल्यावर त्यानं डब्यात ओलं फडकं ठेवलं. आवाज जरा जास्त वेळ चालला. मग काडतुसांवरच पेलाभर पाणी ओतलं. ज्या पितळेला त्यानं कधी घामाचं बोट लागू दिलं नव्हतं, ती त्यानं बटाट्यासारखी पाण्यात सोडली. का, तर तिला काम पुरावं. तिनं थांबावं.

दाढी रोज व्हायला लागली. बनियन बदलायला लागलं. शिवशरण म्हणाला, "काय सुभेदार, बघायला येनार हायत का कोन?" हरिदास लाजला. ह्या वयात लाजलेला माणूस फार वाईट दिसतो.

चटईवर पडून तो आतल्या आवाजाशी बोलायचा. लेकीचा, संघप्रियाचा फोन आला होता. ती पुण्याला ये म्हणते. डाळ करपली. सुलभ हप्त्यात फ्रिज घेऊ का? उत्तर कधी आलं नाही; पण आवाज चालू राहायचा, आणि बायको काम करत गप्प ऐकतेय ह्यात त्याला नवीन असं काही नव्हतं.

फक्त उठायची सोय नव्हती. त्यानं पाय हलवला की आवाज थांबायचा. सरपटत जाऊन बघितलं. उंबऱ्यापर्यंत गेला की तव्याचा वास यायचा, तापल्या लोखंडाचा, आणि त्यात कारखान्यातल्या कोऱ्या टॉवेलांचा. डोकं पुढं काढलं की काही नाही. एकदा कोपऱ्याला आरसा लावून ठेवला. दुपारी त्यात बघितलं तर आरशावर टॉवेल टाकलेला होता. नीट, चारी कोपरे जुळवून, पॅकिंगवाल्या बायका टाकतात तसा.

त्या दिवशी हरिदास जेवला नाही. भीतीनं म्हणावं तर तसंही नाही. तिला आपलं तोंड दाखवायचं नव्हतं, एवढं त्याला कळलं. का नव्हतं, ते कळेना.

६

थंडी पडली. आता पत्र्याचं कारण संपलं. पत्रा सकाळी दवानं ओला असायचा आणि घर मात्र आतून वाळत चाललं होतं.

माठ भरून ठेवला की संध्याकाळी तळाला. लिंबं दगड झाली. लोणच्याच्या बरणीत खार उरला नाही, नुसत्या फोडी, साल धरलेल्या. धुतलेला लेंगा दोरीवर टाकायच्या आत खडखडायचा. हरिदासच्या ओठांना चिरा पडल्या, टाचा फुटल्या, नाकातून रक्त यायला लागलं, तेही कोरडं. तो तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा आणि जीभ पुठ्ठ्यासारखी ती पुठ्ठ्यासारखीच.

"डॉक्टरला दाखवा," शिवशरण म्हणाला. ह्या खेपेला तो हसला नाही. "सांडगा होत चाललाय तुमचा. आरशात बघता का?"

"आरसा ठिवला न्हाय आता."

पण ओल करणं हरिदासनं थांबवलं नाही. उलट वाढवलं. त्याच्या हिशेबानं सरळ होतं: तिला ओल लागते. डब्यातली पुरत नाही म्हणून ती घरातली घेते. मग डब्यात जास्त घालावी. आपली बायको आहे, राबायची सवय आहे, हात रिकामा राहिला की अस्वस्थ व्हायची. हातात काम असतं तोवर ती आहे.

संघप्रियानं फोनवर त्याचं तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आली.

७

लेक आईवर गेली होती, म्हणजे पदर न खोचताही खोचल्यासारखी वागायची. आल्या आल्या तिनं बापाला सलाईन लावून आणलं, पुण्याचं तिकीट काढलं, गॅसची टाकी परत करून टाकली, आणि मग रायफलकडं बोट दाखवलं.

"हे घेऊन माझ्या घरी यायचं नाही, अण्णा. घरात लहान मूल आहे."

"लायसन्सचं हाय ते."

"मूल नाहीये ना लायसन्सचं. दुकानात जमा करू. रायफल पण आणि राऊंड पण."

"राऊंड ऱ्हाऊ दे की."

"रायफलशिवाय राऊंड ठेवून काय करणार? फोडणीला घालणार?"

हरिदासपाशी कारण होतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तो जन्मभर बँकेच्या दारात उभा राहिला होता, पण आपलं काही असं काढून नेताना त्यानं पहिल्यांदाच बघितलं.

शहरातल्या बंदुकीच्या दुकानात जोतीराम नावाचा माणूस असतो. कान पिकलेला, त्यामुळं सगळ्यांशी ओरडून बोलणारा. त्यानं कागद बघितले, रायफल बघितली, आणि डबा उघडून एक काडतूस उजेडात धरलं. हरिदासनं मान खाली घातली. एवढं पाणी पाजल्यावर पितळ हिरवं पडलेलं असणार, गोळीच्या मुळाशी गंज असणार. लेकीसमोर लाज जाणार.

"काका," जोतीराम म्हणाला, "कुठं ठेवली होती ही?"

"कोनाड्यात."

"ही तर परवा कारखान्यातनं निघाल्यागत दिसतायत. असं राखलेलं मी बघितलं नाही." त्यानं ते काडतूस कानापाशी नेऊन हलवलं, ऐकू येत नसताना. मग दोन बोटांनी ओठ चोळले. ओठाला चीर पडली होती. "जरा पाणी दे रे," तो आत ओरडला. काडतूस त्यानं पटकन खाली ठेवलं आणि हात पँटला पुसला.

डबा तेवढा परत मिळाला. रिकामा. आत निळ्या दाण्यांची पुरचुंडी.

"किती छान ठेवलं होतं तुम्ही," रिक्षात संघप्रिया म्हणाली.

"तुझ्या आईनं."

ती रिक्षाबाहेर बघायला लागली.

८

दुपारी संघप्रिया सोलापुरातच, बुधवार पेठेत मावशीला भेटायला गेली. "तुम्ही कपडे भरून ठेवा, अण्णा," म्हणाली. "रात्रीची गाडी आहे."

हरिदासनं एक सदरा पिशवीत टाकला आणि आतल्या खोलीत गेला. रिकामा डबा कोनाड्यात फळीवर ठेवला. पुरचुंडी भिजवून आत घातली. चटईवर जाऊन पडला.

गल्ली झोपली. स्वयंपाकघर गप्प होतं. त्यानं बराच वेळ वाट बघितली. उठून बघितलं, पुरचुंडी गुलाबी, गार, गळती. राखायला काही उरलंच नव्हतं, तर दाणे भाजायचे कशासाठी? बाईमाणूस हिशेबी होतं.

आज गेलं की गेलं. पुण्याच्या सातव्या मजल्यावर ती कशाला येईल?

तो मोरीत गेला. बादली भरलेली होती. त्यानं कपड्यांसकट अंगावर तांबे ओतले, डोक्यावरून, गार पाण्याचे, दात वाजेपर्यंत. तसाच निथळत आत आला आणि कोनाड्यापुढं फरशीवर मांडी घालून बसला. डब्याला टेकून. त्याच्या बाजूनं पाणी पसरत उंबऱ्याकडं गेलं.

"आता मला ठीव की गं," तो म्हणाला.

तडतड सुरू झालं. गॅसची टाकी सकाळीच गेली होती. शेगडीची नळी भिंतीला लोंबत होती. तरी तापल्या लोखंडाचा वास आला. मग आवाज थांबला, आणि ह्या खेपेला तो हलला नव्हता.

त्याच्या डोक्यावर टॉवेल पडला. कोरा, खरखरीत, तव्यावर शेकल्यासारखा ऊन. तोंडावरून खाली आला आणि सगळं पांढरं झालं. दोन हात केस पुसायला लागले. कानामागं, मानेवर, कानाच्या पाळीत बोट घालून, शाळेतनं भिजून आलेल्या पोराला पुसावं तसे. हरिदासच्या छातीतनं इतक्या महिन्यांचं काहीतरी वर आलं, पण डोळ्यांतून खाली उतरलं नाही; तिथल्या तिथं आटलं. सदरा वाळला. लेंगा वाळला. हात थांबले नाहीत. गालाची कातडी ओढली गेली. जीभ टाळूला चिकटली. बोटं वाकवायला गेला तर ती खडूसारखी करकरली. त्याला कळत होतं की हे आता केसांचं आणि कपड्यांचं पाणी नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याला चाललं असतं. टॉवेल बाजूला करून एकदा बघायचं, एवढंच राहिलं होतं, आणि त्यालाही आता घाई नव्हती.

बाहेरची कडी वाजली.

९

"अण्णा."

संघप्रिया होती. तिचा आवाज भरून आला होता. "अण्णा, दार उघडा ना. मावशी..." पुढं बोलवेना तिला. ती दारातच रडायला लागली. मावशीनं आईचं काही काढलं असणार. चैत्रापासून ही पोरगी रडली नव्हती. कामातनं सवड कुठं होती. आता एकदम फुटली होती. रडत होती ती अशी, की दाराच्या फळीवर कपाळ आपटल्याचं आत ऐकू येत होतं.

हरिदासच्या डोक्यावरचे हात थांबले.

टॉवेल निघाला. त्याच्या डोळ्यांची उघडझाप होईना. पापण्या कागदासारख्या अडकल्या. दिसलं ते एवढं: एक पाठ. खोचलेला पदर. मानेवर तीळ. खांद्यावर टॉवेल टाकून ती उंबरा ओलांडत होती, बाहेरच्या दाराकडं, रडण्याकडं. घाई नव्हती, उशीरही नव्हता. फरशीवर त्याच्या अंगाचं पाणी पसरलं होतं. ती जिथनं गेली तिथं ते नव्हतं. तिनं त्याच्याकडं वळून बघितलं नाही. आई होती. लेक रडत होती.

हरिदासनं आपल्या हातांकडं बघितलं. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकल्यावर खाली जी जमीन दिसते, तसे ते दिसत होते. आणि आता ती लेकीचे डोळे पुसायला निघाली होती.

मग तो उठला. कसा ते त्याचं त्याला माहीत. भिंत धरून मोरीत गेला. बादलीत अर्धं पाणी होतं.

"संघे," त्याच्या घशातनं आवाज आला तो चाळणीतनं पीठ पडल्यासारखा. "संघे, डोळे पूस."

"काय? अण्णा, दार..."

"डोळे पूस आधी. कोरडे कर. आनि शिवशरणकाकांच्या दुकानात जाऊन बस. मी आलोच."

"तुम्ही काय करताय आत?"

"आंघोळ."

"आत्ता?"

"तुझ्या आईवानी उलटतपासणी नको घेऊ. पूस डोळे."

बाहेर रडणं थांबलं. नाक ओढल्याचा आवाज आला. ओढणीनं तोंड पुसल्याचा. "पुसले," ती म्हणाली, लहानपणी हात धुतले म्हणून सांगायची तसं. आणि पायरी उतरली; पण एकच. तिथं थांबली.

दाराशी नागूबाईचा हात आतल्या कडीवर होता.

हरिदासनं बादली दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःवर उलटी केली. सगळी. पाणी डोक्यावरून, खांद्यावरून, फुटलेल्या टाचांवरून धो धो खाली गेलं. घरात तेवढा एकच आवाज होता.

"नागू," तो म्हणाला. "तिकडं काय न्हाय. ती कोरडी हाय. हिकडं बघ. मी हितं ओला हाय की."

कडीवरचा हात खाली आला. पायरीवरची पावलं दुकानाकडं जायला लागली, दूर झाली, आणि गल्लीत शिवशरणचं "ये गं पोरी, बैस" ऐकू आलं.

दाराशी उभ्या पाठीनं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला, झटकला आणि ती वळायला लागली.

हरिदासनं डोळे मिटले नाहीत.